राहून गेलेली मात्रा

मोहर्ली,
४ नोव्हेंबर २०२४

डोमा,

तुझ्या थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. नको असला तर बाजूला ठेव, पण पत्र पूर्ण वाच. माझा आवाज ऐकला की तू फोन कापतोस, म्हणून कागद घेतला. अक्षर लागत नसेल तर तुझी नात पायल वाचून दाखवेल. ती कॉलेजात जाते असं ऐकलंय, आणि ऐकून मला फार बरं वाटलं.

काल भाऊबीज झाली. तुझ्याशिवायची दहावी. मी नेहमीसारखी रिसॉर्टवर पाहुण्यांचा नाश्ता उरकून दुपारी घरी आले, तर दाराच्या कडीला एक कापडी पिशवी टांगलेली. आत मोज्यांचे दोन जोड आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा. त्यावर एकच शब्द. माहेर.

मी तशीच उंबऱ्यावर बसले. माझी सून दिव्यानी धावत आली. "काय झालं आई? काऊन रडून राह्यल्या?" मी तिच्या हातात पुठ्ठा दिला. तिला सगळं ठाऊक आहे. आईच्या तेरवीला भर अंगणात तू म्हणाला होतास, "आजपासून तुले माहेर नाई." काढून घेतलेला तो शब्द तू माझ्या दाराला आणून टांगलास, आणि स्वतः तोंडसुद्धा न दाखवता निघून गेलास. तुझं असंच असतं. लहानपणी माझी पाटी फोडलीस तेव्हाही नवी आणून चुलीमागे ठेवली होतीस आणि दिवसभर बोडीवर, तळ्याच्या काठी, लपून बसला होतास.

पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पण अक्षर बघितलं आणि ओळखलं. रेघ थरथरलेली, 'ह' आडवा झोपलेला. तिसरीतून शाळा सोडलेल्या माणसाशिवाय इतकं वाकडं कोण लिहील? रागावू नकोस, मी त्या अक्षरावरून दहा वेळा बोट फिरवलं आहे.

आता मोज्यांबद्दल. डोमा, असली वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. एक जोड मोहाच्या फुलासारखा फिका, दुसरा मातीच्या रंगाचा. हातात घेतले तर वजनच लागेना. मला वाटलं, एवढ्या हलक्यानं काय होणार? पण मातकट जोड पायात घातला आणि दोन भाकरी थापून होईपर्यंत पाय ऊबदार झाले. बाजारातले नायलॉनचे मोजे पोटरीला करकचून धरतात, काढले की वळ उठलेला असतो. यांची कड सैल आहे आणि तरी मोजा खाली येत नाही. उजेडात धरला तर धागा रेशमासारखा चमकतो. दिव्यानी म्हणे, "मोहाच्या फुलाचे असतीन आई. मोहाच्यानं अंग गरम होतेच." मी म्हटलं, मोहाच्यानं तुझ्या सासऱ्याला काय काय व्हायचं ते मला विचार.

हे तुला मिळाले कुठे? चामोर्शीच्या बाजारात येतात का असले? आणि शिंगाडे नाही पाठवलेस ते? पूर्वी भाऊबीजेला तू उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन यायचास. आपल्या बोडीतल्या शिंगाड्यांची चव मला अजून कुठे मिळाली नाही. तुझ्यासारखं जाळं फेकणाराही मी इथे पाहिला नाही. तू फेकलंस की ते हवेतच गोल उघडायचं आणि पाण्याला कळायच्या आत खाली जायचं. इथले लोक वाघ बघायला कुठून कुठून येतात. मी मनात म्हणते, एकदा माझ्या भावाला थंडीच्या सकाळी बोडीत उतरताना बघा.

आईच्या वेळी मला उशीर का झाला, ते उगाळायला हे पत्र नाही. थंडीचे दिवस होते, गाड्या वेळेवर नव्हत्या, असं समज. माझे पाय चांगले आहेत.

उत्तर लिही. एक ओळ चालेल.

तुझी,
सुगंधाबाई


मोहर्ली,
२७ नोव्हेंबर २०२४

डोमा,

तेवीस दिवस झाले. एक ओळ म्हटलं होतं, तेवढीही आली नाही. मोजे पाठवताना हिंमत झाली, आता उत्तर लिहायला लाजतोस. बरं, मीच लिहिते.

तुझे मोजे मी रोज घालते. मातकट जोडच वापरते. फिका एकदाच घातला आणि धुऊन ठेवून दिला, इतक्या चांगल्या वस्तूला हळद-तेलाचे डाग पडायला नकोत. सफारीच्या गाड्या उजाडायच्या आत गेटवर लागतात, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात चहाचं आधण त्याच्याही आधी ठेवावं लागतं. खाली गुळगुळीत फरशी, बर्फासारखी गार. आधी तासाभरात माझी पावलं बधिर व्हायची, कुठे ठेवते तेच कळायचं नाही. आता कळतं. परवा मोरीजवळ सांडलेल्या पाण्यात पाय पडला. मोजा ओला झाला, पण पाय गारठला नाही. चुलीवरचं उरकेपर्यंत मोजा पायातच बऱ्यापैकी वाळला. आणि चार दिवस घालूनही वास नाही. मी मुद्दाम नाकाला लावून बघितला. हस हवं तर.

दिव्यानी इथल्या गेटवर गाइड आहे, तुला माहीत नसेल. उघड्या जिप्सीत मागे बसून पाहुण्यांना जंगल दाखवते. इंग्रजी बोलते, आणि वाघ दिसला तरी आवाज चढू देत नाही. एक दिवस मी तिला मातकट जोड दिला. परत आली ती म्हणाली, "आई, आज पयल्यांदा गाडीतून उतरल्यावर पाय माहेच वाटले." ती जोड परत द्यायला तयार नव्हती. मी म्हटलं, माझ्या भावानं दिलेत, तुझ्या भावाला सांग तुझ्यासाठी. हे म्हणताना मला केवढा ताठा आला होता, ते तू बघायला हवं होतंस.

आता कामाचं. आपल्या शेजारच्या अंजनाबाई परवा लेकीकडे मोहर्लीला आल्या होत्या. मी त्यांना घरी बोलावून जेवू घातलं आणि तुझी सगळी खबर काढली. त्या म्हणाल्या, "डोमाले शुगर निघाली. औषधाच्या गोया खाते, पन बोडीतून निंघाला का पाय आगीत घालून बसते. टाचीची भेग भरूनच नाई राह्यली."

डोमा, मस्करी बाजूला ठेवून सांगते. शेकोटीपासून पाय लांब ठेव. शुगरच्या पायाला आग कळत नाही. ऊब लागते आहे असं आपल्याला वाटत राहतं आणि खाली कातडी भाजत असते. हे मला कसं माहीत ते विचारू नकोस. रिसॉर्टवर डॉक्टर पाहुणे येतात, त्यांच्याकडून ऐकलं असं समज. रोज झोपायच्या आधी तळवा उलटा करून बघ. तुला दिसत नसेल तर वहिनीला बघायला सांग. ती चाळीस वर्षं तुझं तोंड बघते आहे, पाय बघायला काही कुरकुर करणार नाही.

आणि तू मला दोन जोड पाठवलेस, स्वतःसाठी एक तरी ठेवलास का? नसेल तर लिही, फिका जोड मी पाठवते.

तुझी,
सुगंधाबाई


मोहर्ली,
१५ डिसेंबर २०२४

डोमा,

हे पत्र लिहिताना माझे कान तापले आहेत. शरमेनं.

आज सकाळी आमच्या रिसॉर्टचा जिप्सी ड्रायव्हर भूपेश दीड महिन्याच्या रजेवरून परतला. चहा घ्यायला स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "मावशी, त्या बाईचे मोजे बसले का तुमाले?"

मी विचारलं, "कोनत्या बाईचे?"

"अवो, इल्सा बाईचे. जाताना माह्याजवळ देल्ले. म्या भाऊबीजेले बहिणीकडे निंघालो होतो, तुमी घरी नव्हत्या, त कडीले टांगून देल्ले."

इल्सा बाई म्हणजे दक्षिण आफ्रिकेहून आलेली एक सत्तरीची पाहुणी. ऑक्टोबरात आठ दिवस राहिली. बाकीचे पाहुणे वाघाच्या मागे, ही सफारीवरून आली की माझ्या चुलीजवळ येऊन बसायची आणि भाकरी कशी फुगते ते बघायची. मोजे तिचे. तिला वाटलं, हे कशाचे आहेत ते मला माझ्या भाषेत कळावं. म्हणून तिनं भूपेशला विचारलं, 'मोहेर' तुमच्यात कसं लिहितात? भूपेशनं जिप्सीच्या धुळीनं भरलेल्या बॉनेटवर बोटानं लिहून दाखवलं. तिनं ते चित्र काढावं तसं पुठ्ठ्यावर उतरवून घेतलं. 'म'ला काना दिला. 'ह'वरची मात्रा दिली. 'म'वरची राहून गेली. मोहेरचं माहेर झालं.

एवढंच झालं होतं, डोमा. एका रेघेचं काम. त्या रेघेपायी मी उंबऱ्यावर बसून रडले, गल्लीभर सांगितलं, अंजनाबाईंना पुरणपोळी वाढली. औषधाची मात्रा लागू पडावी तशी न दिलेली मात्रा मला लागू पडली होती. सहा आठवडे मी चांगली झोपले.

आणि तू? तुला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं की मोजे तुझे नाहीत. 'बाई, तुझी चूक झाली' एवढं लिहून मोकळं व्हायचं होतंस. का गप्प राहिलास? बहीण फजीत होते आहे तर होऊ दे, असं म्हणालास का? मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

पण मोज्यांवर राग काढवत नाही. ते माझ्या पायात आहेत आणि आजही तितकेच ऊबदार आहेत. दुपारी दिव्यानीनं इल्सा बाईंना मोबाइलवर फोन लावला. मी आभार मानले, आणि मग हे मोहेर म्हणजे काय ते विचारून घेतलं. घेतलेल्या वस्तूचं घरदार माहीत असावं. तुलाही सांगते, कारण ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तेच फिरतं आहे.

हे शेळीचे केस आहेत. मेंढी नाही, शेळीच. आपल्याकडे शेळी म्हणजे दूध आणि मटण. तुर्कस्तानात अंकारा नावाचं शहर आहे, त्या मुलखातली ही शेळी. अंगावर पांढऱ्या लांब बटा, जमिनीला टेकतील अशा. केस महिन्याला बोटाच्या एका पेराएवढे वाढतात, म्हणून वर्षातून दोनदा कातरतात. करडाचा पहिल्या कातरणीचा केस सगळ्यात मऊ. केस गुळगुळीत असतो, म्हणून कातडीला घासत नाही. घाम शोषतो आणि सोडून देतो. नुसत्या मोहेरचा मोजा निसरडा होईल, म्हणून त्यात थोडी मेंढीची लोकर आणि थोडा नायलॉन घालतात. इल्सा बाईंच्या बापाचा असल्याच शेळ्यांचा कळप होता. त्या म्हणाल्या, कातरल्यावर शेळ्यांना फार जपावं लागतं, गार पावसात सापडल्या तर मरतात. मला वाईट वाटलं. आपल्याला ऊब देऊन त्या उघड्या राहतात, तर त्यांना निवारा द्यायलाच हवा.

त्या शेळ्या त्यांच्या देशात कशा आल्या, ते तर ऐकच. तुर्की लोक आपलं जनावर बाहेर जाऊ देत नव्हते. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी बारा बोकड आणि एक शेळी जहाजातून पाठवली, पण बोकड आधीच निकामी करून. म्हणजे वंश वाढायला नको. पण शेळी गाभण होती, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वाटेत ती व्याली. पुढचा कळप तिथून सुरू झाला, असं तिकडे सांगतात. बारा बोकड निकामी करणाऱ्यांना एका बाईनं पोटात वंश दडवून चकवलं. मी आणि दिव्यानी किती वेळ हसत होतो.

शेवटी दिव्यानीनं विचारलं, मोहेर या शब्दाचा अर्थ काय? इल्सा बाई म्हणाल्या, मूळ अरबी शब्द आहे, त्याचा अर्थ 'निवडून घेतलेलं'. त्यानंतर मला हसू आलं नाही, कारण निवडून घेणारा तू नव्हतास.

सुगंधाबाई


मोहर्ली,
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

डोमा,

तिळगूळ सोबत आहे. गोड बोलायचा आग्रह नाही.

पुढच्या आठवड्यात आईला जाऊन दहा वर्षं होतील. मागच्या तीन पत्रांत मी तुला दोनदा खोटं सांगितलं. गाड्या वेळेवर होत्या. आणि शुगरच्या पायाला आग कळत नाही, हे मला कुठल्या डॉक्टर पाहुण्यानं सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी डिसेंबरात इथे कडाक्याची थंडी होती. मला शुगर आहे हे मलाच माहीत नव्हतं. काम उरकलं की आम्ही बायका रिसॉर्टच्या मागे शेकोटीला बसायचो. पाय बधिर असायचे म्हणून मी सगळ्यांच्या पुढे सरकून बसायची. एक दिवस जळका वास आला. मीच बाकीच्यांना विचारलं, "काय जळून राह्यलं ओ?" त्या माझ्या पायाकडे बघत होत्या. उजव्या पायाचा अंगठा निखाऱ्याला लागला होता, आणि मला पत्ता नव्हता.

हळद लावली, पानं बांधली, पंधरा दिवस कुणाला दाखवलं नाही. अंगठा काळा पडला. माझ्या पोरानं, अजयनं, उचलून चंद्रपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, अंगठा काढावा लागेल. आई आजारी असल्याचा तुझा निरोप आला तेव्हा मी दवाखान्यात होते. अजयला मी शपथ घातली की गावी सांगायचं नाही. आईच्या कानावर गेलं असतं. तुला आठवतं, ती आपल्याला चुलीपासून कशी हाकलायची? "सुगंधे, पाय नको घालू आगीत, एक दिवस रडशीन." मरणाच्या दारात तिला ते खरं झालेलं कळायला नको होतं. अंगठा काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. मला खाटेवरून उठू देत नव्हते.

तेरवीला मी आले ती अजयचे मोठे कॅनव्हासचे बूट घालून. आत पट्टी होती, आणि एसटीच्या धक्क्यांनी ती ओली झाली होती. दाराशी सगळ्यांच्या चपला होत्या. मी बूट न काढता अंगणातून आईच्या फोटोपर्यंत चालत गेले. तू म्हणालास, "बूट काढ." मी नाही म्हटलं. तू पुन्हा म्हणालास. मी पुन्हा नाही म्हटलं. बूट काढला असता तर अंगणातल्या साऱ्या बायका आईला सोडून माझ्या पायाभोवती जमल्या असत्या. तो दिवस आईचा होता. म्हणून मी गप्प राहिले. मग तू ते वाक्य बोललास. तुला वाटलं, बहीण रिसॉर्टवर जाऊन साहेबीण झाली, घरची रीत विसरली. दुसऱ्या कुणालाही तेच वाटलं असतं.

तिथवर तुझी चूक नव्हती. पुढची दहा वर्षं माझी चूक. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. पण मला वाटायचं, ज्यानं मला बोलायचा वेळ दिला नाही त्याला मी का सांगू? इल्सा बाईंनी माझ्या पायाकडे बघून विचारलं आणि मी दिव्यानीला मध्ये घालून त्यांना सगळं सांगून टाकलं. परक्या देशाच्या बाईला सांगितलं आणि पाठच्या भावाला सांगितलं नाही. त्यांनी तेव्हाच मनात धरलं असेल की या बाईला शेकोटीची गरज पडू द्यायची नाही.

आता मी दहा वर्षांनी बोलले ते मला माहेर परत हवं म्हणून नाही. हवं आहे, खोटं कशाला बोलू? पण त्याआधी मला तुझी दहा बोटं हवी आहेत. एकाच आईचे पाय आहेत आपले. माझ्यातलं एक गेलं, तुझ्यातलं जायला नको.

फिका जोड पाठवते आहे. फिकाच मुद्दाम. कुठे फुटलं, पू आला, रक्त आलं, तर त्यावर डाग दिसेल. मातकट रंगात काही कळत नाही. पाण्यातून आलास की आधी बोटांच्या बेचक्या कोरड्या कर, मग मोजे घाल. गार पाण्यात साध्या साबणानं धू, पिळू नकोस, सावलीत वाळव. मोज्यानं शुगर बरी होत नाही, गोळ्या घ्यायच्याच. मोज्यानं एवढंच होतं की आगीजवळ जावंसं वाटत नाही. मला तेवढंच पुरलं असतं.

सोबत तो पुठ्ठाही पाठवते. मी काय वाचून खुळावले होते ते तुला दिसेल. राहून गेलेली मात्रा मी निळ्या पेनानं दिली आहे. आता शब्द बरोबर आहे. न मिळालेलं माहेर मी किती दिवस उशाशी ठेवू?

तुझी,
बाई


१९ फेब्रुवारी २०२५

सुगंधा आजी, मी पायल. आबा बोलत आहेत, मी लिहिते आहे. जसं बोलले तसंच लिही अशी त्यांची ताकीद आहे.

बाई,

तुह्यं पयलं पत्र आलं तवा पोरीनं वाचून दाखवलं. म्या म्हटलं, मोजे तं म्या पाठवलेच नाई. पायल म्हणे, आबा, कळवू का? म्या म्हटलं, राहू दे. दहा वर्सानं बाई हासली, तिले काऊन रडवा. आता खरं सांगतो. मलेच बरं वाटलं. जे पाठवलं नाई त्याचे आशीर्वाद म्या खाल्ले. तुह्यं ते जाळ्याचं वाचून तं पायलले म्या तीन खेपा वाचाले लावलं. मंग तिसरं पत्र आलं न माही लिहाची हिंमतच गेली.

आई शेवटपर्यंत तुलेच इचारे. सुगंधी आली का, सुगंधी आली का. म्या म्हनो, येऊन राह्यली, रस्त्यात हाय. दोन दिवस म्या तिच्यासंग खोटं बोललो. त्याचा राग म्या तुह्यावर काढला. मले बूट दिसला. बुटातलं नाई दिसलं. इतकं सांगाले तू दहा वर्सं लावले, बाई. तू बी आपल्या बापावरच गेली.

मोजे घातले. पयल्या दिवशी बोडीवर सारे हासले, डोमा साहेब झाला म्हणे. आता तेच इचारते कुठी भेटते. शेकोटी तुह्या वहिनीले देऊन टाकली. एक दिवस मोजा काढला तं टाचीजवळ पिवळा डाग. तुह्यं आठवलं, गडचिरोलीले दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणे, बरं झालं आला, अजून पंधरा दिवस काढले असते तं पाय चिरा लागला असता. आता भरून राह्यलं. बोटं दहाच्या दहा हाय, मोजून घेजो.

शिवरात्र सव्वीस तारखेले हाय. मार्कंड्याच्या जत्रेले येजो, मी नदीच्या घाटावर उभा राहीन. तिथून घरी. बूट घालूनच ये. अंगणात ये, घरात ये, आईच्या फोटोजवळ ये. कोनी काई म्हनलं तं मी हाय. शिंगाड्याचा मोसम गेला, वाळवलेले ठेवले हाय तुह्यासाठी.

पुठ्ठा वापस पाठवून राह्यलो. पायल म्हणे, आजीनं मात्रा देल्ली, आता बरोबर झालं. म्या जाळं कापाची ब्लेड घेतली न ते निळी मात्रा खरडून टाकली. पुठ्ठा तिथी जरासा फाटला, पन शब्द वाचता येते.

डोमा